तू मागितलेली थाप

सोमवारी संध्याकाळी आपण ढोलक ओढलं. आपल्या दोघांचं शेवटचं काम तेच. तू पाटावर बसून ढोलक दोन गुडघ्यांत आवळून धरलं होतं आणि मी दोरीतल्या कड्या एकेक करून वर सरकवून राहिलो होतो. एकट्याचं काम नाही ते. मी म्हटलं, "नीट धर वं, हालते." तू म्हणाली, "ढोलक नाई हालत, तुमचे हात हालतात." मग बारीक बाजूवर बोट मारून पाहिलं. चांगलं बोललं.

तेव्हा तू विचारलं. तू रचलेल्या नव्या गाण्याची वही तुझ्या मांडीजवळच पडली होती.

"ह्या गाण्याले आपला ठेका बसत नाई. पाय अडकल्यावानी होते. ह्याले चालायची थाप पायजे. तुमच्या बापाची होती ना, तशी. कशी होती ती?"

मी म्हटलं, "मले आठवत नाही."

"खरंच?"

"विसरलो सगळं."

तू माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बरं. राहू द्या," म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली, तांदूळ निवडायले बसली.

पंचफुला, मी खोटं बोललो. मले ती थाप येते. तापात बडबडत असलो तरी येईल. तू मागितली आणि मी दिली नाही.

मंगळवारी तू गेली. कशानं गेली, डॉक्टर काय म्हणाला, ते सगळ्यांले माहीत आहे, ते मी इथं लिहीत नाही. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेले चार शब्द बोला म्हणून तुझ्या गाण्याच्या मंडळातली अनुसयाबाई माझ्या मागं लागली आहे. चार माणसांत उभं राहून बोलणं माझ्याच्यानं होत नाही. लिहिता येते, तेही तू हाताले धरून प्रौढांच्या वर्गात नेऊन बसवलं म्हणून. जोडाक्षरं चुकतील. वाचून दाखवणाऱ्यानं सुधारून घ्यावी.

नावानं हाक मारून राहिलो म्हणून काही म्हातारे नाक मुरडतील. मुरडू दे. दीक्षा घेऊन आल्यावर तूच म्हणाली होती, "मले नाव हाये. 'अवं' म्हनून ढोरावानी हाका मारू नका." तेव्हापासून मी पंचफुला म्हणतो. तू मात्र माझं नाव एकदाही घेतलं नाही. एकदा मी म्हटलं, मलेही नाव आहे, दशरथ म्हण. तर म्हणे, "तुमाले सवय होईल, मंग रोजच मागाल."

आता ही थाप काय होती, ते मंडळातल्या पोरींले माहीत नाही. त्यांच्यासाठी सांगतो. तुले नवं नाही, तू ऐकत बस.

सावनेरजवळच्या आपल्या गावात पोळ्याच्या दिवशी पाटलाचा बैल पहिला निघायचा. झूल, बाशिंग, शिंगाले बेगड. त्याच्यापुढं डफडं वाजवायचं काम आमच्या घराचं. माझा बाप, त्याच्या बाजूले किसनदादा सनई घेऊन, आणि मागाहून मीही. गळ्यात डफडं, एका हातात बारीक काडी, एका हातात जाड. आणि पाटलाच्या बैलाले पाठ दाखवायची नाही. म्हणून बैलाकडे तोंड करून उलटं चालत वाजवायचं, वेशीपासून मारुतीपर्यंत. रस्ता कसला, नुसते गोटे आणि चाकोऱ्या. पाय कुठं पडते ते दिसायचं नाही. आठ थापांचा फेरा होता आणि त्यातली सातवी थाप जरा थांबून पडायची. त्या थांबण्यात टाच मागं टेकवायची, खाली खड्डा आहे का गोटा आहे ते टाचेले कळू द्यायचं, मगच अंगाचा भार टाकायचा. बापानं मले हेच पहिलं शिकवलं. हात मागाहून शिकवला.

मारुतीजवळ पोचलं की आम्हाले बाजूले व्हायचं. मंदिरात जायचं नाही. जेवण मिळायचं ते सगळ्यांचं झाल्यावर, वरून सोडलेलं, आपल्या फडक्यात घ्यायचं.

आणि तरी मले ते वाजवणं आवडायचं. हे मी तुझ्यापुढं कधी पूर्ण बोललो नाही. लाज वाटायची आणि आवडायचंही. बाप वाजवत असला की माणसं बैलाकडे पाहायचं सोडून त्याच्या हाताकडे पाहायची. तेवढा वेळ तो कोणाचाच नसायचा. मी हे सुरू केलं की तू म्हणायची, "बैलाच्या गळ्यात घुंगरू आन् तुमच्या गळ्यात डफडं. फरक सांगा." मी उठून बाहेर जायचो.

दीक्षा घेऊन गावात परत आलो त्या दिवसाचं सांगतो. वस्तीनं ठरवलं, आता डफडं नाही, गावोगाव सांगावा पोचवणं नाही, मेलेलं ढोर ओढणं नाही. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. पण डफडं खुंटीवर तसंच होतं. तू ते काढलं, विळ्यानं चामडं उभं फाडलं आणि लाकडाचं कडं मोडून चुलीत घातलं. त्याच्यावर भात टाकला. बाप अंगणात चुलीकडे पाठ करून बसला होता. मग तू तिघांले वाढलं. भात खाली लागला होता. तरी बापानं दुसऱ्यांदा मागून घेतला. मागाहून तू म्हणायची, बुढा समजदार होता. मी म्हणायचो, भुकेला होता. हेही आपलं मिटलं नाही.

पुढच्या पोळ्याले पाटलाचा बैल मुक्यानं गेला. आपल्याले कोणी वावरात पाय ठेवू देईना. बाप त्या हिवाळ्यात गेला, आणि आपण गाव सोडलं. तुझ्या डोक्यावर टोपलं, माझ्या डोक्यावर ट्रंक, कडेवर आपली पोरगी शालू. सावनेरच्या मोटार स्टँडवर बसायले जागा नव्हती, म्हणून उभ्यानंच भाकर खाल्ली. ती भाकर तुझ्या गाण्यात यायले पंचवीसच्या वर वर्षं लागली.

नागपुरात मी इतवारीत धान्याच्या बाजारात हमाली धरली आणि तू बिड्या वळल्या. वाजवणं कशाचं, मी ताटावर बोटही मारलं नाही. पण तुले एक सांगतो, हेही सांगितलं नव्हतं. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून चढताना मी पावलं त्याच थापेत टाकायचो. सातवीवर थांबायचो. मागचे हमाल शिव्या द्यायचे, "चाल ना गा, काहून थांबते?" पण माझा पाय इतक्या वर्षांत कधी घसरला नाही.

मग कंबर गेली. हमाली सुटली. शालूचं लग्न होऊन गेलं होतं, तू विहारातल्या मंडळात गायले जायची आणि मी खाटेवर बसून रस्त्यावरचे रिक्षे मोजायचो. तुमचा ढोलक वाजवणारा रेल्वेत होता, त्याची बदली झाली. त्या दिवशी तू घरी आली, चप्पल काढता काढता म्हणाली, "येता का उद्या? हात रिकामेच हायेत तुमचे."

मले राग आला. म्हटलं, "तूच जाळलं ना? तूच म्हणत होती, वाजवायचं नाही."

"मी म्हनलं होतं, कोनापुढं वाजवायचं नाई. कोनासोबत वाजवायचं नाई, असं कधी म्हनलं?"

हे बोलून तू पाणी प्यायले गेली. तुले वाटलं असेल साधी गोष्ट बोलली. मी ते वाक्य अजून घेऊन बसलो आहे.

पहिल्या दिवशी फजिती झाली. माझा हात पोत्यांचा, आणि त्याच्या आधी डफड्याचा. उघड्या रस्त्यावर गावभर ऐकू जायले पाहिजे असं वाजवायची सवय. सहा बाया गाऊन राहिल्या होत्या आणि एकीचाही आवाज ऐकू येईना. बालवाडीत शिकवणारी अनुसयाबाई पेटीवर होती. तिनं भाता थांबवला. म्हणाली, "बाबा, आमी गाऊन राहिलो का तुमी?"

तू म्हणाली, "ह्यांले वरात काढायची सवय हाये. थांबा, बसतील वळणावर."

सगळ्या हसल्या. मी ढोलक खाली ठेवून उठत होतो, तर तू माझ्या धोतराचा सोगा पायाखाली दाबून ठेवला होता. कोणाले दिसला नाही.

मग शिकलो. साठीच्या घरात येऊन शिकलो की आपण वाजवायचं म्हणजे आधी दुसऱ्याचं ऐकायचं. मी तुझ्यासमोर बसायचो. तुझी हनुवटी खाली गेली की सम आली, हे मी पाहून ठेवलं. तुझा आवाज काही गोड नव्हता वं. वरच्या पट्टीले गेला की फाटायचा. पण तू ओळ उचलली की बाकीच्या पाच जणी तिच्यावर हात ठेवून चढायच्या, आणि मी खालून टेकू द्यायचो. दम सगळ्यांचा एकदमच लागायचा आणि एकदमच सुटायचा. हमालीत वीस-बावीस वर्षं माणसांच्या घामाले घाम लावून काढली, पण असं कधी झालं नव्हतं. घरी येताना मी बोलत नसायचो, तर तुले वाटायचं थकलो. थकलो नव्हतो. पोट भरलं होतं.

वस्तीतले टोचायचे. पानठेल्यावर एकजण म्हणाला, "दशरथ आता बायकांत बसते म्हनते." तू भाजी घेऊन जात होती, तिथूनच म्हणाली, "बसते ना. तुमाले कोनी बसू देत नाई, म्हनून पोटात दुखते." तो माणूस पुढं दर पौर्णिमेले पहिल्या रांगेत बसायचा.

आता ते गावचं लिहितो. टाळावं वाटते, पण टाळलं तर बाकीचं कशाले लिहिलं.

आपल्या जुन्या गावात विहार बांधलं आणि आपल्या मंडळाले बोलावणं आलं. तू नवं पांढरं लुगडं घेतलं. गावात मंडप होता. वस्तीतली माणसं समोर बसली होती आणि पाटलाच्या घरातले दोघं-तिघं पलीकडं लिंबाखाली उभे होते. पुढं किसनदादा बसला होता, माझ्या बापासोबत सनई वाजवणारा. धरून बसवलं होतं त्याले, धरूनच उठवावं लागे.

तिसऱ्या गाण्याले काय झालं मले माहीत नाही. समोर तीच वेस, तोच मारुतीकडे जाणारा रस्ता. माझा हात ठेका सोडून गेला आणि पोळ्याची थाप वाजायले लागली. मी वाजवतो आहे हे मले किसनदादाकडे पाहून कळलं. तो आपला आपण उठला होता. लिंबाकडे तोंड केलं, दोन्ही हातांत सनई धरल्यासारखी धरली, आणि चार माणसांत, भर मंडपात एकेक पाऊल मागं, मागं चालायले लागला.

लिंबाखालून कोणीतरी म्हणालं, "दशरथा, हात अजून तसाच हाये गा."

तू गाणं सोडलं. उठून गेली, किसनदादाचा दंड धरला आणि त्याले फिरवून सरळ तोंडानं जागेवर आणून बसवलं. मग परत येऊन पहिल्या ओळीपासून गाणं उचललं. ढोलकाशिवाय. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

सावनेर ते नागपूर एसटीत तू खिडकीबाहेर पाहत होती. घरी आल्यावर कुलूप काढता काढता म्हणाली, "आज तुमी किसनदादाले उलटं चालवलं."

"मी नाही. हात गेला."

"हात कोनाचा हाये?"

"पंचफुला, ती माह्या बापाची थाप होती. बैलाची नाही, पाटलाची नाही. माह्या बापाची."

"तुमच्या बापाची नव्हती. तुमच्या बापाकडून वाजवून घेतली होती."

मी म्हटलं, "मग माह्या बापाचं काय होतं? एक तरी गोष्ट सांग."

तू सांगितली नाही. तुले सुचली नाही का सांगायची नव्हती, ते मले आता कधी कळणार नाही. मी दोन महिने मंडळात आलो नाही. मग एक दिवस तू ढोलक आणून खाटेवर ठेवलं. "पौर्णिमा आली," एवढंच म्हणाली. मी उठलो. तीन वर्षं झाली त्याले. आपण पुन्हा रोज वाजवलं, गायलं, हसलो, पण त्या गोष्टीले दोघांनीही हात लावला नाही.

आणि मग सोमवारी तू विचारलं. मले फक्त एवढंच ऐकू आलं की आता हिले गरज पडली. म्हटलं, पाहू दे आता. तीन वर्षं मी ती एक गोष्ट दाबून ठेवली होती, तिचा सूड मी दोन शब्दांत घेतला. आठवत नाही.

मंगळवारी तुले पोचवून आलो. माणसं अंगणात बसली होती, कोणी पाण्याचा लोटा पुढं करून राहिलं होतं, आणि तेव्हा मले तुझं वाक्य पुरं ऐकू आलं. 'तुमच्या बापाची होती ना, तशी.' तू पाटलाची म्हटलं नव्हतं. पोळ्याची म्हटलं नव्हतं. तीन वर्षांमागं मी तुझ्यापुढं भांडून मागितलेला शब्द तू मले ढोलक धरल्या धरल्या देऊन टाकला होता. तू अर्धी वाट चालून आली होती वं. मी जागचा हाललो नाही.

म्हणून आता त्या भांडणातलं राहिलेलं सांगतो. तू म्हणाली ते खरं होतं. त्याच्याकडून वाजवूनच घेतलं. बैल त्याचा नव्हता, रस्ता त्याचा नव्हता, उलटं चालणं त्यानं ठरवलं नव्हतं. पण सातवीवर थांबायचं, हे त्याले कोणी सांगितलं नव्हतं. पाटलाले तर कळतही नव्हतं. ते त्यानं आपली टाच वाचवायले स्वतः घातलं होतं, आणि माझी वाचवायले मले दिलं. तेवढं त्याचं होतं. तुले चुलीत ते सापडलं नसतं, कारण ते डफड्यात नव्हतंच. मले हे सोमवारी सुचलं असतं तर तू नक्की काहीतरी खोट काढली असती, आणि मग म्हणाली असती, "बरं, वाजवा तर खरं."

बुधवारी सकाळी मी ढोलक खांद्याले लावून विहारात गेलो. शालू म्हणत होती, बाबा, आज नका जाऊ, लोक काय म्हणतील. मी गेलो. बाया तिथं गोळा झाल्याच होत्या, रडून राहिल्या होत्या. ढोलक दोन रात्रींत उतरलं होतं. अनुसयाबाईले म्हटलं, गुडघ्यांत धरा. तिनं तुझ्यासारखं आवळलं नाही, ढिलं धरलं. मी म्हटलं, "नीट धरा बाई, हालते." कोणी उलटून बोललं नाही.

मग तुझी वही उघडली. शेवटचं पान.

गाव मागं राहिलं बाई, वाट पुढं गेली
टोपल्यातली भाकर आमी उभ्यानंच खाल्ली

मी थाप धरली. त्यांनी ओळ उचलली आणि सातवीवर सगळ्या आधीच पडल्या. पुन्हा म्हटलं. पुन्हा पडल्या. मी थांबलो. म्हटलं, "पोरींनो, उभ्या राहा. हे बसून यायचं नाही. सातवीवर घाई करू नका. पाय टेकू द्या, खाली काय आहे ते पाहू द्या, मग भार टाका." अनुसयाबाई पेटी सोडून तीही उभी राहिली.

तिसऱ्यांदा जमलं. तू बसायची तिथं तुझी चटई तशीच होती, हनुवटी पाहायले कोणी नव्हतं. मी त्यांच्या पायांकडे पाहून वाजवलं. जागच्या जागी पाय टाकता टाकता त्या हळूहळू दाराकडे सरकून राहिल्या होत्या, तोंड समोर करून. मी ढोलक गळ्यात अडकवलं, उठलो आणि त्यांच्या मागून चालायले लागलो.